चारशे सतराची तक्रार

"पूजेला जोडपं कोण बसतंय?" गुरुजींनी दर्भ निवडता निवडता विचारलं.

साधा प्रश्न. वास्तुशांतीला यजमान जोडीनं बसतो, हे पिंपळे गुरवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. यजमान कोण तेही ठाऊक. पुढं जुना दवाखाना, मागं नव्यानं बांधलेल्या दोन खोल्या, हे सगळं डॉक्टर मुकुंद घारे यांचं. फक्त डॉक्टरांना बायको नव्हती. ती का नव्हती, हे पाच वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळ्या भावकीला सांगून टाकलं होतं. कुणी विचारलं नसताना. फराळाच्या ताटावर.

सयाजी सोवळं नेसून तयारच होता. हा धाकटा भाऊ, कंपनीत टर्नर. पहाटेच आंघोळ उरकून, खांद्यावर उपरणं टाकून तो दाराशी उभा होता. दादाला बायको नाही, म्हणजे आपणच बसणार, हे त्यानं धरून ठेवलेलं. तीन-चार तास का होईना, या घराचा यजमान आपण.

"मी बसतो," मुकुंद म्हणाला. "आणि माझ्या शेजारी प्रभाकर."

प्रभाकर मोरीपाशी उकिडवा बसून नारळ सोलत होता. त्याचा हात थांबला. "राहू द्या की, डॉक्टर," तो म्हणाला. "मांडी घातली की माझा गुडघा धरतो. निम्म्या होमात उठवायला दोन माणसं लागतील."

गुरुजी दर्भ मोजत राहिले.

अंबूबाई, दोघा भावांची आई, पुढं झाल्या. पोरांच्या भांडणात आयुष्य गेलेली बाई. तिच्याकडं तोडगा नाही असं कधी झालं नव्हतं. "मुकुंदा, आसं करू. तू एकलाच बस. कमरंला सुपारी खोच. बायकू म्हायेरी गेली, आजारी आसली, तर बसत्यात की मानसं सुपारी खोचून. व्हय की न्हाई वो गुरुजी?"

"चालतं," गुरुजी म्हणाले. "पत्नी जवळ नसेल तर तिच्या जागी सुपारी."

"जवळ नसेल तर ना?" मुकुंद म्हणाला. "माझं माणूस इथं नारळ सोलतंय. त्याच्यादेखत मी सुपारीला बायको म्हणू?"

गुरुजींनी दर्भ खाली ठेवले. रागावले नाहीत. "डॉक्टर, माझ्या आईचा दमा तुम्ही आटोक्यात आणलात. तुमच्याशी मी वाद घालणार नाही. पण जे माझ्या पोथीत नाही, ते मी म्हणू कुठून?"

मुकुंदनं प्रभाकरकडं बघितलं. प्रभाकरनं नुसती मान हलवली, नको म्हणून. ती एवढीशी मान हलली आणि मुकुंद मऊ पडला. आईनं सांगून, गुरुजींनी सांगून जो माणूस हटला नव्हता, तो त्या मानेसरशी बाजूला झाला.

"बस सया," तो म्हणाला. "तू आणि पद्मा."

सयाजी बसला. जागा मिळाली, पण मिळाली कशी? दादानं नको म्हटली म्हणून.

सगळं असंच मिळालं होतं. दादाच्या चड्ड्या, दादाची दप्तरं, दादाची सायकल. त्रेसष्टला कारखान्यांसाठी जमीन गेली. जमिनीच्या पैशावर दादा पुण्याला डॉक्टर व्हायला गेला आणि जमिनीच्या बदल्यातली नोकरी सयाजीला आली. अठराव्या वर्षी लेथपुढं उभा राहिला तो अजून उभाच. आणि शेवटी बायको. तळेगावच्या मास्तरांची पद्मा दादाला दाखवली होती. दादानं नाही म्हटलं. मास्तरांची बेअब्रू नको म्हणून घरच्यांनी वर्षभरात तिला सयाजीच्या गळ्यात बांधली. लोक म्हणाले, नशीब काढलंस लेका. सयाजीला कळत होतं, आपण हेही थोरल्याचं वापरायला घेतलंय. दादानं तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं, हे माहीत असून असं वाटायचं. मत्सराला पुरावा लागत नाही. तो घरीच पिकतो.

आणि आता दादा कंपनीत येणार होता. कंपनी कामगारांसाठी आत दवाखाना उघडत होती, त्यावर अर्ध्या दिवसाचा डॉक्टर. नाव ठरल्यासारखंच होतं. पर्सोनेलचे दातेसाहेब आज जेवायला येणार होते, नेमणुकीचं पत्र घेऊन. म्हणजे उद्यापासून सयाजी पितळी टोकन टाकून कामगारांच्या गेटनं आत जाणार आणि दादा साहेबांच्या गेटनं. खात्यात सगळे म्हणणार, हा डॉक्टरांचा भाऊ. तेरा वर्षं घासून सयाजीनं तिथं स्वतःचं एवढंसं नाव केलं होतं. तेही दादाच्या नावाखाली जाणार.

म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यानं दातेसाहेबांना एक पत्र लिहिलं होतं. निनावी. तीन ओळींचं.

"हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले. पद्मानं उजव्या हाताची चार बोटं सयाजीच्या मनगटाला टेकवली. त्यानं तिच्याकडं वळून बघितलं. ती होमाकडं बघत नव्हती. ती मागच्या खोलीच्या दाराकडं बघत होती.

*

दारातून पद्माला जे दिसत होतं ते असं.

धुरानं मुकुंदच्या चष्म्याच्या काचा काळवंडल्या होत्या. तो वाटाणे सोलत होता, त्याचे दोन्ही हात गुंतलेले. प्रभाकर आला, त्यानं मुकुंदच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या सदऱ्याच्या टोकानं पुसला, उजेडाकडं धरून बघितला, परत पुसला आणि नाकावर ठेवून दिला. मुकुंदनं मान वर केली नाही, की 'काय करतोस' म्हणून विचारलं नाही. वाटाणे सोलत राहिला.

एवढंच. पण पद्माची नजर तिथून हलेना.

नऊ वर्षं संसार केला तिनं. नवरा दारू पीत नव्हता, मारत नव्हता, पगार आणून देत होता. आळीत याला चांगला नवरा म्हणतात. पण तिच्या तोंडावरची एक वस्तू अशी कधी कुणी काढून पुसून ठेवली नव्हती. तिला नुसतं वाईट नाही वाटलं, तिला प्रभाकरचा हेवा वाटला. चाकणच्या बाजारात कांद्याची अडत चालवणारा, अंगाला कायम कांद्याचा वास येणारा, पोट सुटलेला तो माणूस. त्याच्या जागी असावं, असं तिला वाटलं. मुकुंदजवळ नव्हे. त्या जागी.

मुकुंद तिला हवा होता का? एकोणीस वर्षांची होती तेव्हा हवा असेल. तळेगावला बघायला आला आणि दोघांना परसात बोलायला सोडलं, तेव्हा तो गोठ्याच्या भिंतीला टेकून म्हणाला होता, "तुमच्यात काही कमी नाही. माझं मन बायकांत नाही, पुरुषांत आहे. लग्न केलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल." तिला तेव्हा निम्मं कळलं. पण एक पक्कं कळलं, की हे यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा आपल्याला सांगितलंय. ती ते पाच वर्षं जपत होती. नवऱ्याला नाही, आईला नाही, कुणाला बोलली नाही. आणि चौऱ्याहत्तरला त्यानं ते चकलीसारखं सगळ्यांना वाटून टाकलं. भावकी तोंडाला पदर लावून गप्प झाली, आणि पद्माला राग आला तो वेगळाच. माझं होतं ते.

आता ती रोज दुपारी दवाखान्यात जाऊन बसायची. पुड्या बांधायला शिकली, मलम खलायला शिकली. बायका डॉक्टरांना सांगायला लाजायच्या ते तिच्या कानात सांगायच्या. ते दोन तास तिला स्वतःचे वाटायचे.

"लक्ष कुटं हाय तुझं?" तिच्या नजरेपाठोपाठ दारातलं ते चष्मा पुसणं बघून सयाजी दात आवळून म्हणाला.

"होमात."

"होम हिकडं हाय."

*

अंबूबाईंचं प्रभाकरशी वैर सुपारीवरून नव्हतं, वांग्याच्या भरतावरून होतं.

सकाळपासून त्या चुलीपाशी बसून होत्या आणि प्रभाकर त्यांच्या स्वयंपाकात लुडबुडत होता. "आई, डॉक्टरांच्या भरतात दाण्याचा कूट नको. त्यांना जळजळतं."

"म्या तीस वर्सं कूट घालती."

"तेव्हा जळजळत नसेल. आता जळजळतं."

"तुला बरं म्हाईत!"

"रात्री मीच उठतो ना, आई, सोडा द्यायला."

लेकाच्या पोटातलं तिला ठाऊक नाही आणि या बाप्याला ठाऊक. सून आली असती तरी अंबूबाईंनी असाच दातओठ खाल्ला असता. सुनेला निदान चार शब्द सुनावता येतात, तिच्या माहेरचा उद्धार करता येतो. याला काय बोलणार? याच्या माहेरचं काय काढणार, कांदे? परत हा आई म्हणतो. तिला ते आई म्हणणं मिरचीसारखं झोंबायचं, आणि एखाद्या रविवारी तो सयाजीच्या घरी तिला भेटायला आला नाही तर तिलाच करमायचं नाही. हे ती मेली तरी कबूल करणार नव्हती.

सयाजी पूजा उरकून पाणी प्यायला आत आला तशी तिनं त्याला खुणेनं बोलावलं. "सया, ह्याला कायतरी करून लांब धाड. त्यो सायेब यायच्या आदी. सायबानं बघितलं तर नोकरी द्यील व्हय दादाला?"

"मी कशाला धाडू? दादाचं दादा बघंल."

"आरं, भाऊ न्हवं का तुजा?"

सयाजी पाणी प्याला आणि तांब्या आपटून गेला. आईला आज पण नोकरी दादाचीच दिसत होती. दुसरी नोकरी या घरात कुणी करतच नव्हतं जणू.

*

दातेसाहेब बाराच्या ठोक्याला आले. शरच्चंद्र दाते, पांढरा बुशशर्ट, काखेत कातडी पाकीट. सज्जन माणूस. सज्जन म्हणजे ज्याला कुणाचं वाईट करायचं नसतं आणि म्हणून तो ते दुसऱ्याकडून करवून घेतो.

त्यांनी दवाखाना बघितला, तपासायचं टेबल दाबून बघितलं, छान छान म्हटलं. प्रभाकरशी हात मिळवला. "आपण?"

"कांद्याची अडत आहे चाकणला," प्रभाकर म्हणाला. "आणि इथं राहतो."

"बाजारात अडचण नाही येत?" दातेसाहेबांच्या तोंडून निसटलं.

"कांद्याला काय फरक पडतो, साहेब?"

दातेसाहेब अवघडून हसले. मग घसा साफ करून म्हणाले, "डॉक्टर, दोन मिनिटं आत बोलू या का?"

"आत-बाहेर काही नाही इथं," मुकुंद म्हणाला. "सगळ्यांसमोर बोला."

दवाखान्याच्या खोलीत सगळी जमलीच होती. अंबूबाई बाकावर, पद्मा औषधांच्या कपाटापाशी, प्रभाकर दारात. सयाजी खिडकीशी, सोवळ्यातच. दातेसाहेबांनी पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढला. सयाजीनं तो लांबूनच ओळखला. त्याच्याच वहीचं पान.

"आठवड्यापूर्वी एक पत्र आलं," दातेसाहेब म्हणाले. "निनावी पत्रांना आम्ही केराची टोपली दाखवतो. पण हे..." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "घारे, तुमचा टोकन नंबर काय?"

"चारशे सतरा," सयाजी म्हणाला. गेटवर म्हणतात तसं, सरळ, विचार न करता.

दातेसाहेबांनी कागद टेबलावर उलगडून ठेवला. खाली लिहिलं होतं: 'आपला एक हितचिंतक.' आणि त्याच्याखाली: 'टो. नं. ४१७.'

ज्यानं कारखान्यात काम केलं नाही तो याला हसेल. त्यानं हसू नये. कंपनीत साधी अर्ध्या दिवसाची रजा मागायची तरी अर्जाखाली टोकन नंबर लागतो. नंबर नसला तर टाइम ऑफिसचा क्लार्क कागद तोंडावर फेकतो. तेरा वर्षांत सयाजीनं आयुष्यात जेवढं लिहिलं ते सगळं अर्जच होते, आणि त्याचा हात नंबर टाकल्याशिवाय कागदावरून उठायला शिकलाच नव्हता. नाव लपवलं त्यानं. नंबर लपवायचा असतो हे डोक्यात आलंच नाही. की आलं होतं? एवढं मन घट्ट करून लिहिलेलं पत्र टोपलीत जाऊ नये, ते वाचलं जावं, असं त्या हातालाच वाटलं असेल.

"काय लिवलंय?" अंबूबाई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "पद्मे, वाच."

"राहू दे, आई," मुकुंद म्हणाला.

"तू गप. वाच गं."

पद्मानं कागद उचलला. अक्षर बघूनच तिचा चेहरा बदलला, पण ती मास्तरांची मुलगी. वाच म्हटलं की वाचायचं. "मा. पर्सोनेल मॅनेजर साहेब यांस. डॉ. मुकुंद घारे हा एका पुरुषाबरोबर नवरा-बायकोसारखा राहतो व तसे उघड सांगतो. अशा माणसापुढे कामगारांनी तपासणीला कपडे कसे काढावेत याचा विचार व्हावा. शिवाय..."

ती थांबली.

"वाच की."

"शिवाय त्याच्या सख्ख्या भावाची बायको रोज दुपारी त्याच्या दवाखान्यात बसून असते." पद्मानं कागद खाली ठेवला. "तरी योग्य ती कारवाई व्हावी."

मग दातेसाहेबच म्हणाले, आणि खरंच बिचारे गोंधळलेले होते: "मला एकच कळलं नाही, घारे. तक्रार नक्की कशाची आहे? पुरुषांची की बायकोची?"

दारातून प्रभाकर हसला. हसू नये तिथं हसू येतं तसं, फिसकन. सयाजी त्याच्यावर धावला. "तू हसतो व्हय रं? माझ्या घरात घुसून..."

"तुझं नाही हे घर," पद्मा म्हणाली.

ती त्याला कधीच एकेरी बोलली नव्हती. सयाजी जागच्या जागी थांबला.

अंबूबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं आता सयाजीच्या मुस्काटात बसणार. त्या त्याच्यापाशी गेल्या, त्याच्या खांद्यावरचं उपरणं ओढून काढलं, आणि ते घेऊन परत बाकावर बसल्या. "म्याच ह्याला सकाळधरनं म्हंतीय," त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, "त्या प्रभाकराला लांब धाड म्हनून. आन् लांब धाडायचा हितं दुसराच हुता."

*

"हे बघा," दातेसाहेब म्हणाले, "घरचा मामला घरात मिटवावा म्हणून मी कागद घेऊन आलो. वर कुणाला दाखवला नाही. घाऱ्यांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, की रागाच्या भरात लिहिलं, सगळं खोटं आहे. मी हे फाडतो. डॉक्टर, नेमणुकीचं पत्र माझ्या खिशात आहे. तुम्ही काही बोलायचं नाही. फक्त इथून पुढं... उघड सांगायची गरज काय असते? कुणी विचारतं का?"

मुकुंदनं खुर्ची ओढली आणि बसला. डॉक्टर रोग्यासमोर बसतो तसा.

ही नोकरी त्याला हवी होती. फार हवी होती. त्याच्या वर्गातला एक जण सरकारी दवाखान्याचा मुख्य झाला होता. घरी बायको, दोन मुलं, आणि दर शनिवारी लोणावळ्याला एक मित्र. मुकुंदला हे माहीत होतं कारण तो मित्र काही दिवस मुकुंदचाही मित्र होता. त्या खोटारड्याचं दारावरचं नाव, शिपाई, जीप, सगळं आठवलं की मुकुंदच्या घशाशी आंबट यायचं. खोटं बोलणाऱ्यांना किती सोपं असतं! रात्री त्यांना कोण सोडा देत असेल?

तिसऱ्या वर्षाला न्यायवैद्यकाच्या पेपरात एक प्रश्न होता. अनैसर्गिक गुन्ह्यातल्या आरोपीची तपासणी कशी कराल. पंधरा गुण. मुकुंदनं अडीच पानं लिहिली होती. स्वतःला टेबलावर पालथं घालून, स्वतःवर पुस्तक चालवून. परीक्षकांनी उत्तर वर्गात वाचून दाखवलं होतं. त्या दिवसानंतर त्यानं ठरवलं होतं, पुन्हा आपल्याविरुद्ध लिहून पास व्हायचं नाही.

"सगळं खोटं नाही, साहेब," तो म्हणाला. "पहिलं वाक्य खरं आहे. ते खोटं म्हणून लिहून दिलेलं मला चालणार नाही."

"डॉक्टर!"

"सया, इकडं बस." सयाजी बसला नाही. मुकुंद तसाच बोलत राहिला, आवाज न चढवता. "पहिलं तू खरं लिहिलंस. तिसरंही तसं खरंच आहे, ती इथं बसते, पुड्या बांधते. त्यातला अर्थ तुझा. पण दुसरं. तुला दोन वर्षांपूर्वी हर्निया झाला होता. जांघेतली गाठ कुणाला दाखवायला लाजत होतास. मी इथंच या टेबलापाशी तुला उभा केला, लेंगा खाली घ्यायला लावला, खोक म्हटलं. माझ्या हातात काय होतं तेव्हा? सांग साहेबांना. तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला नसेल, तुला आहे."

सयाजीला आठवलं. आठवायला नको होतं तरी. पौषातली थंडी होती. दादानं हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करून घेतले होते. मग इथंच दुखतं का, एवढंच विचारलं होतं. सहा दिवसांनी ऑपरेशन. इस्पितळात रात्रभर जागायला कोण होतं? प्रभाकर. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कांद्याचे भाव सांगत होता.

त्याला दादाचा आत्ता जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नव्हता. माणसानं निदान वाईट तरी असावं.

"लिहितो," तो म्हणाला. "द्या पेन."

दातेसाहेबांनी कोरा कागद पुढं केला. सयाजीनं तो बाजूला सारला आणि स्वतःचंच पत्र ओढलं. दुसऱ्या ओळीवर काट मारली. मग तिसऱ्या ओळीवर. इतकी जोरात, की कागद फाटला. पहिली ओळ ठेवली. 'हितचिंतक' खोडलं आणि तिथं अक्षर अक्षर करून लिहिलं: सयाजी अर्जुनराव घारे.

"अहो, याचा काय उपयोग?" दातेसाहेब जवळजवळ ओरडले. "हे नावानिशी फाईलला लागलं तर नेमणूक होणारच नाही. खोटं म्हणा, नाहीतर फाडू द्या मला."

"फाडू नका," मुकुंद म्हणाला. "तेवढं खरं आहे. लावा फाईलला."

"मग नेमणुकीचं पत्र मला परत न्यावं लागेल, डॉक्टर."

"न्या."

एवढं सोपं झालं ते. कुणाचा हात वर गेला नाही, कुणी रडलं नाही. प्रभाकर मात्र दारातून आत आला आणि मुकुंदच्या खुर्चीमागं उभा राहिला. नुसता उभा राहिला.

दातेसाहेब निघू लागले तर अंबूबाईंनी वाट अडवली. "वास्तुशांतीचं जेवान हाय. उपाशी गेलं तर माझ्या ल्योकाच्या घराला लागतं. बसा." साहेब बसले. प्रभाकरनं वाढलं, साहेबांनी दोनदा भरीत मागून घेतलं. हात धुतल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि मुकुंदला हळूच म्हणाले, "डॉक्टर, आलोच आहे तर... मला सकाळी चक्कर येते हल्ली. जरा रक्तदाब बघता?"

मुकुंदनं त्यांना टेबलावर बसवलं, बाही वर करायला सांगितली, आणि फुग्याला हवा भरली. "मीठ कमी करा," तो म्हणाला. "आणि परत दाखवायला या. दहा दिवसांनी."

"येतो," दातेसाहेब म्हणाले. नेमणुकीचं पत्र त्यांच्या वरच्या खिशातून डोकावत होतं.

सयाजीनं हे सगळं खिडकीतून बघितलं. तो जेवला नव्हता. दादाची नोकरी गेली होती. त्याला जे हवं होतं ते झालं होतं, आणि तरी साहेब दादापुढंच बाही वर करून बसला होता. पंगतीत दादा दोन भाकरी खाऊन उठला. सयाजीच्या पोटात मात्र पाण्याशिवाय काही नव्हतं.

*

उन्हं कलली तशी ती दोघं निघाली. सयाजीनं सायकल धरली, पद्मा मागं न बसता शेजारून चालू लागली. नदीकडच्या रस्त्यानं. कंपनीची एक बस दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन धुरळा उडवत गेली.

धुरळा खाली बसल्यावर सयाजी म्हणाला, "खरं सांग. तुला त्यो अजून आवडतो न्हवं?"

"कोण?"

"दादा. दुसरं कोन?"

पद्मा चालता चालता थांबली. "अहो, एवढी वर्षं तुम्ही भलत्याच माणसावर जळताय."

"म्हंजे?"

"मला भावजी नकोत. मला त्या प्रभाकरचा हेवा वाटतो."

सयाजीला आधी कळलं नाही. मग त्यानं सकाळचा चष्मा आठवला असेल, किंवा खुर्चीमागं येऊन उभं राहिलेलं ते पोट सुटलेलं माणूस. तो हातातल्या हँडलकडं बघत राहिला. दादावर जळता येत होतं, दादाच्या नोकरीवर येत होतं, दादाच्या नावावर येत होतं. हिला जे हवंय त्याच्यावर कसं जळणार? ते दादानं त्याच्याकडून घेतलेलंच नव्हतं. ते त्यानं कधी दिलं नव्हतं, एवढंच.

"मी उद्या दुपारीही जाणार आहे तिथं," पद्मा म्हणाली. "रोज जाणार. अडवायचं असेल तर आत्ता सांगा."

त्याला अडवायचं होतं. तोंडाशी आलं होतं.

"बस मागं," तो म्हणाला. "अंधार पडायच्या आत पोचू."

"नाही बसत. चालते."

तो पुढं निघाला, सवयीनं. दहा पावलांवर गेला आणि शेजारी कुणी नाही असं लक्षात आलं. मागं वळला. पद्मा तिच्या वेगानं येत होती, घाई न करता, पदर खोचून. तो थांबला. ती आली. तो परत चालू लागला आणि परत पुढं गेला.

"पुढं जाऊ नका," ती म्हणाली.

नऊ वर्षांत बायको किती वेगानं चालते हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं सायकल मागं ओढून धरली, एक पाऊल टाकलं, वाट बघितली, दुसरं टाकलं. अवघड होतं. पाय सारखे पुढं पळत होते.